बारा सव्वीसची सावली

मे महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या पुढाऱ्याला भेटायचं असेल तर त्याच्या घरी जाऊ नये, मांडवात जावं. एकेका तिथीला सात-सात लग्नं, आणि अक्षता पडायच्या आत पोचलं नाही तर मुलीचा बाप पुढच्या निवडणुकीपर्यंत ते लक्षात ठेवतो. म्हणून सर्जेराव आबांनी शाळेच्या शिबिराला बारा मेची तारीख दिली, तेव्हा समिनाला जितका आनंद झाला तितकीच धास्तीही वाटली.

समिना बारामतीची. वडिलांच्या, खाजाभाईंच्या मागं चष्म्याचं दुकान ती आणि तिचा भाऊ हारिस चालवायचे. भिंगं घासता घासता ती दुर्बिणीच्या नादी कधी लागली हे हारिसला कळलंच नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. गेली आठ वर्षं सुट्टीच्या दिवशी स्कूटीला पुढं दुर्बीण, मागं पिशवी बांधून ही बाई इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत जायची, पोरांना सूर्य-चंद्र दाखवायची, आणि पेट्रोल स्वतःचं जाळून परत यायची. हारिस म्हणायचा, "आपा, दुकानात गिऱ्हाइकांना समोरची पाटी दिसत नाही आणि तू शनीची कडी दाखवत हिंडतेस." ती हसायची. खरं तर त्याचं बोलणं तिला लागायचं, पण हसायची.

निरवांगीच्या अलीकडं एका फाट्यावरून आत गेलं की उसात बुडालेली एक वाडी लागते. तिथली शाळा आबांच्या संस्थेची. शाळेत एक खोली कायम कुलपात होती. आत मोडकी बाकं आणि आबांच्या वाढदिवसांचे जुने फ्लेक्स. ती खोली समिनाला हवी होती. स्वतःसाठी नव्हे. दुर्बीण तिथं कायमची ठेवता आली, भिंतीवर नकाशे लावता आले, तर पोरांना वर्षभर वापरता आलं असतं, तिची वाट बघत बसावं लागलं नसतं. आठ वर्षांत तिला एक गोष्ट पुरती उमगली होती. ती येते तेव्हा पोरं डोळे मोठे करून बघतात आणि स्कूटी फाट्यापर्यंत पोचायच्या आत विसरतात. खोली झाली तर कदाचित विसरणार नाहीत. खोलीसाठी तिनं पाच अर्ज केले होते. मुख्याध्यापक रणजित सर प्रत्येक अर्ज मोठ्या आदरानं फायलीत लावून ठेवायचे.

या वर्षी रणजित सरांनीच डोकं चालवलं. म्हणाले, "मॅडम, अर्जानं आबा हलत नाहीत. त्यांच्या हातनं काहीतरी घडवा. तुम्ही ते म्हणता ना, सावली नाहीशी होण्याचा दिवस? तो आबांच्या हस्ते घेऊ. खूष झाले की तिथंच खोली जाहीर करतील."

सूर्य कुणाच्या हस्ते माथ्यावर येत नाही, हे समिनाला म्हणायचं होतं. ती म्हणाली, "चालेल."

मे लागताच शिबिर सुरू झालं. सुट्टी असूनही तीस पोरं आली. अर्धी खिचडीसाठी, अर्धी घरची कामं चुकवायला. समिनानं मैदानात वाळूच्या बादलीत एक मीटर लांबीचा पांढरा पाइप उभा केला आणि पोरांना सांगितलं, रोज भर दुपारी याची सावली मोजायची. रोज थोडी आखडेल. बारा तारखेला, बारा वाजून सव्वीस मिनिटांनी, सूर्य बरोबर डोक्यावर येईल आणि सावली पायाशी नाहीशी होईल. बारामती-इंदापुरात असं वर्षातून दोनदाच होतं, एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैच्या अखेरीला. नियम एकच, वहीत दिसलं ते लिहायचं. शेजाऱ्याच्या वहीतलं नाही, मॅडमना आवडेल ते नाही, दिसलं ते.

पोरांनी मान डोलावली आणि पहिल्या दिवशी तीसपैकी एकोणतीस जणांनी "५ सेंमी" लिहिलं. एका वहीत "४.८" होतं. ती वही स्वरूपाची.

स्वरूपा सातवी पास होऊन आठवीत जाणारी. बाप म्हस्कू गवंडी, जिथं बांधकाम निघेल तिथं थापी घेऊन जाणारा. पोरगी बोलायला कमी, पण एकदा बोलली की समोरच्याला पुन्हा मोजायला लावायची. दुसऱ्या दिवशी ती बापाच्या पिशवीतला ओळंबा घेऊन आली. दोरीला टांगलेला पितळी लंबक तिनं पाइपशेजारी धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "मॅडम, पाइप वाकडा हाय. वाईच हिकडं घ्या."

"नजरेनं तर सरळच दिसतोय," समिना म्हणाली.

"आण्णा म्हंत्यात, नजरंनं सरळ म्हणायचं न्हाय. भित पडली की नजर न्हाय पडत, मानूस मरतंय."

समिनानं पाइप हलवला. खरंच वाकडा होता. तिला अशी काही मजा वाटली की संध्याकाळी बारामतीला पोचल्यावर तिनं हारिसला ते वाक्य दोनदा ऐकवलं. आठ वर्षांत शेकडो पोरं बघितली होती, टाळ्या वाजवणारी, सेल्फी मागणारी, मोठेपणी अंतराळात जाणार म्हणून छातीठोकपणे सांगणारी. मोजणारी ही पहिली. पुढचे आठ दिवस पाइप स्वरूपानं सरळ म्हटल्याशिवाय कुणी पट्टी लावायची नाही, असा रिवाजच पडला. एक दिवस समिनाचं माप आणि तिचं माप जुळेना. पोरगी हटेना. शेवटी निघालं असं की समिनाच्या पट्टीचं टोक झिजलेलं होतं. समिनानं सगळ्यांसमोर सांगितलं, "स्वरूपा बरोबर. मी चूक." त्या दिवशी पोरगी पहिल्यांदा मनापासून हसली. वही छातीशी धरून घरी गेली.

त्या वहीत मापं नुसती दुपारचीच नव्हती. ही पोरगी साडेअकरापासून पाइपशेजारी उन्हात बसून दर दहा मिनिटांची सावली लिहायची. कुणी सांगितलं नव्हतं.

बारा तारीख आली. मैदानात मांडव, खुर्च्या, स्पीकर, पाइपला झेंडूची माळ. बादलीला रणजित सरांनी सॅटिनचं कापड गुंडाळलं होतं. आबांना बारा वाजता बोलावलं होतं. आबा अकरा वाजून दहा मिनिटांनीच आले. गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, "गुरुजी, साडेअकराला सोडा बरं का. वरकुट्याला बारा एकतीसचा मुहूर्त हाय, त्याच्या आदी भिगवनात एका घरी तोंड दाखवायचं हाय."

बारा एकतीसचं लग्न आपल्याकडं दीडच्या आत लागत नाही, हे आबांना ठाऊक होतं, रणजित सरांना ठाऊक होतं, मांडवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नवरदेव पारावरून नाचत येईस्तोवर भटजी तीन वेळा पाणी पितो. सगळ्या मुलखात वेळ पाळणारा त्या दिवशी एकच होता, आणि त्याला कुणी हार आणला नव्हता.

समिना पुढं झाली. "आबा, सावली बारा सव्वीसला जाणार. तोवर थांबलात तर..."

"मंग आता किती हाय?"

"आता एवढी आहे." तिनं जमिनीवर दाखवली. वीतभराहून मोठी सावली पश्चिमेला पसरलेली.

आबा मोकळेपणानं हसले. माणूस वाईट नव्हता, तेच तर अवघड होतं. "ही तर रोजचीच झाली की ओ मॅडम. ऱ्हाऊ द्या मग, पुढच्या साली सवडीनं करू. ते खोलीचं म्हनत हुते गुरुजी, ते बी तवाच बघू. घाई कशापायी?"

रणजित सरांचा चेहरा उतरला. ते समिनाच्या कानाशी आले. "मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे. फोटोपुरतं. काहीतरी करा. विज्ञान तुमचं आहे."

विज्ञान तिचंच होतं. म्हणून तर तिला जमलं. बाकी कुणाला ते सुचलंही नसतं. सावली घालवायला दुपारची वाट बघावीच लागत नाही. काठी सूर्याच्या दिशेनं कलती केली की कुठल्याही वेळी, कुठल्याही दिवशी सावली जाते. अकरा वीसला सूर्य माथ्यापासून सोळा अंश पूर्वेला. पाइप सोळा अंश पूर्वेला झुकवला की झालं. आणि बघणारा पश्चिमेला उभा राहिला तर पाइप त्याच्यापासून दूर झुकतो, कल दिसतच नाही. हेही तिला सुचलं. तिनं आबांना हाताला धरल्यासारखं पश्चिमेला उभं केलं, कॅमेरावाल्यालाही तिकडंच घेतलं, आणि माळ नीट करायच्या निमित्तानं वाळूतला पाइप हळूहळू ढकलला. सावली आखडत आखडत माळेखाली शिरली आणि नाहीशी झाली.

टाळ्या पडल्या. आबांनी वाकून बघितलं, चपापून स्वतःच्या पायाकडं बघितलं. तिथं त्यांची सावली चांगली लांबरुंद पडली होती, पण फोटो पाइपचा चालला होता. सगळी मांडवभर माणसं जमिनीकडं बघत होती. पाइपकडं कोण बघतंय?

"मॅडम."

स्वरूपा. हातात ओळंबा. ती उत्तरेच्या बाजूनं आली होती, जिथून कल अगदी उघडा दिसत होता. तिनं दोरी पाइपच्या टोकाला लावली. लंबक बुडख्यापासून वीतभर लांब लोंबकळला.

"मॅडम, पाइप वाकडा हाय." नेहमीच्याच आवाजात. तक्रार नव्हती. रोजचं काम होतं तिचं. "मी सरळ करू का?"

स्पीकर चालू होता. आबांनी विचारलं, "काय म्हंती पोरगी?"

रणजित सर जागच्या जागी गोठले. समिनाला एक क्षण मिळाला होता. तो पुढं तिनं कितीदा आठवला असेल त्याला गणती नाही. त्या क्षणात पोरीचा चेहरा समोर होता आणि त्याच्या मागं कुलपाची खोली.

"काही नाही आबा," समिना हसून म्हणाली. "वारा आहे ना, ओळंबा हलतोय तिचा. जा बाळ, बस जाग्यावर."

पान हलत नव्हतं. मेच्या अकराच्या उन्हात वारा कुठला आलाय? पण मांडव हसला, आबा हसले. कुणीतरी म्हणालं, "गवंड्याची पोरगी हाय, भित बांधाया आली." त्यावर आणखी हसू झालं. स्वरूपानं ओळंब्याकडं बघितलं. लंबक मुळीच हलत नव्हता. मग समिनाकडं बघितलं. दोरी गुंडाळून घेतली आणि जाग्यावर जाऊन बसली.

आबांनी साडेअकराला भाषण संपवताना खोली जाहीर केली. वर खिशातून दोन कपाटंही दिली. "आपल्या भागातल्या पोरांनी वैज्ञानिक दृष्टी ठेवली पाहिजे," असं म्हणून ते वरकुट्याच्या रस्त्याला लागले.

मागं रणजित सरांनी वह्या गोळा केल्या. त्या दिवसाच्या पानांचे फोटो संस्थेच्या कार्यालयात पाठवायचे होते. फळ्यावर "सावली: शून्य" लिहून दिलं होतं, एकोणतीस वह्यांत ते सुबक उतरलं होतं. स्वरूपाच्या वहीत होतं: "११:२०. पाइप वाकडा हुता. सरळ केल्यावर २८ सेंमी." गर्दी पांगल्यावर तिनं एकटीनं पाइप सरळ करून बघितला असणार. आणि मागचे आकडे मोजून, अकरा वीसला किती असेल ते काढलं असणार. समिनानं मनातल्या मनात हिशेब केला. अठ्ठावीसच यायला हवे होते.

"हे पान असं कसं पाठवायचं?" रणजित सर कळवळून म्हणाले. "मॅडम, तुम्हीच दुरुस्त करा. तुमचं ऐकेल ती."

समिनानं वही घेतली. ओळीवर एक रेघ ओढली, वर "शून्य" लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. सरांनी फोटो काढून घेतला. स्वरूपा दारात उभी होती. वही परत घेताना तिनं पान उघडून बघितलं, मिटलं, आणि बाहेर बाप सायकल धरून उभा होता त्याच्याकडं गेली. म्हस्कूनं समिनाला लांबून हात जोडले. पोरीला एवढं शिकवतात म्हणून.

बारा सव्वीसला समिना मैदानात एकटी होती. मांडववाले खांब उपटत होते. तिनं खाली बघितलं. पाइपची सावली गेली होती, तिचीही गेली होती, बादलीचीही. सगळं अगदी सांगितल्या मिनिटाला घडलं आणि बघायला कुणी नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. दुपारी उपाशीच ती बारामतीला गेली.

जूनच्या शेवटी खोली झाली. दारावर आबांच्या नावाची पाटी आली, रिबन कापली, दुर्बीण काचेच्या कपाटात गेली, आणि कपाटाची चावी रणजित सरांच्या टेबलाच्या खणात गेली. पाहुणे आले की उघडायची. पोरांनी हात लावला तर भिंगं खराब होतात, असं सर म्हणायचे. समिना भांडली. सर म्हणाले, "मॅडम, एवढं मिळवलंय तुम्ही, आता दमानं घ्या." ते खरं होतं. मिळवलं होतं तिनंच.

तिचा सगळा जीव आता जुलैच्या एकतीस तारखेवर होता. दुसऱ्यांदा सूर्य माथ्यावर यायचा होता, बारा छत्तीसला. तिनं ठरवलं होतं, या वेळी पाहुणा नाही, माळ नाही, स्पीकर नाही. सरळ पाइप, पट्टी आणि पोरं. स्वरूपाला पुढं उभं करायचं आणि सगळ्यांसमोर खरी सावली जाऊ द्यायची. मग तिच्याशी बोलायचं. मधल्या काळात पोरगी वर्गात दिसायची, नमस्कार करायची, विचारलं तेवढं सांगायची. रणजित सर म्हणत, "सुधारली बघा. पहिल्यासारखी आडवं बोलत नाही."

एकतीसला सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं. थेंब नाही, पण फटही नाही. समिना दहापासून वर बघत बसली. साडेबारा झाले, बारा छत्तीस झाले, पावणेएक झाला. सावलीच पडली नाही तर जाणार कुठून? तिनं पोरांना सांगितलं, वहीत लिहा, ढगाळ होतं, निरीक्षण झालं नाही. वह्या गोळा करून ती नव्या खोलीत बसली. काही वह्या कोऱ्या, काहींत "ढग", एकात ढगाचं चित्र.

स्वरूपाच्या वहीत पान भरलेलं होतं. अकरा वीस, बत्तीस सेंमी. बारा, पंधरा. अशी दर दहा मिनिटांनी उतरत जाणारी मापं, टोकदार पेन्सिलीनं, खाडाखोड नाही. बारा छत्तीस, शून्य. समिनानं आकडे तपासले. एकही चुकीचा नव्हता. ऊन असतं तर हेच आले असते.

तिनं पोरीला बोलावून घेतलं.

"स्वरूपा, आज ऊन पडलं होतं?"

"न्हाय मॅडम."

"मग ही मापं कुठून आली?"

"मेच्या वहीवरनं मांडली. मिन्टं मोजून." ती जरा काळजीनं पुढं झाली. "चुकली का?"

"चुकली नाहीत. पण तू बघितली नाहीस ना? न बघता लिहिलंस."

स्वरूपाच्या चेहऱ्यावर उर्मटपणा असता तर समिनाला सोसला असता. तो नव्हता. ऐकून घ्यायची सवय झालेलं पोर जसं उभं राहतं तशी ती उभी होती. जे अडीच महिने ठरवून ठेवलं होतं ते तिनं एका दमात सांगून टाकलं.

"बाळ, ऐक. मेमध्ये पाइप वाकडाच होता. वारा नव्हता. मीच वाकडा केला होता. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

"ठाव हाय मला," स्वरूपा म्हणाली. "तवाच ठाव हुतं."

"मग बोलली का नाहीस मला?"

"बोलले हुते की."

बाहेर पोरं डबे उघडत होती, रणजित सर कुणाला तरी ओरडत होते. स्वरूपानं वाट बघितली. मग तिनं टेबलावरची आपली वही ओढून घेतली, भरलेलं पान सावकाश फाडलं, चार घड्या करून बाजूला ठेवलं, आणि पुढचं कोरं पान काढलं.

"सांगा मॅडम," ती म्हणाली, "काय लिहायचं ते. तुमी म्हनाल तसं लिवते."

आणि पेन्सिल कागदावर टेकवून ती समिनाच्या तोंडाकडं बघत थांबली.